लाभ, दोन, तीन

आप्पा शेवटचं कधी बोलले,
पमी दर रविवारी विचारते, उधन्याहून.
मी सांगतो, मंगळवारी. 'पाणी' म्हणाले.
खरं तर त्यांनी तांब्याकडे बघितलं होतं नुसतं,
'पाणी' मी म्हणालो होतो.

जळगावच्या डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं,
घसा पाहिला, डोक्याचा फोटो काढला.
म्हणाले, यंत्र सगळं ठीक आहे,
तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी.
म्हणून बोलत राहिलो :
कापसाचा भाव, नळाचा वार,
हिलालनानांच्या नातीची सुपारी कशी फुटली,
उन्हाचा आकडा, चव्वेचाळीस, पंचेचाळीस.
शेवटी माझाच घसा बसला
आणि घरात दोघं गप्प झालो.

हा माणूस धरणगावच्या बाजारात
चाळीस वर्षं ओरडत होता.
झिपरू मापारी.
गोणी काट्यावर चढली की
पार रस्त्यावरच्या चहावाल्याला ऐकू जाईल असा आकडा.
संध्याकाळी घरी यायचे ते
झटकलेल्या पोत्यासारखे.
आई म्हणायची, यांचा आवाज आडत्याकडे जमा आहे,
दिवाळीला हिशेब होईल.
आम्ही पाढे म्हणायचो ओसरीवर, मोठ्यानं.
ते डोळे मिटून पडलेले.
चुकलं की फक्त डोळे उघडायचे.

आता सकाळी मी त्यांची दाढी करतो.
बोटानं गालाची कातडी ताणून धरावी लागते.
वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत
मी बापाच्या गालाला हात लावला नव्हता,
हे ध्यानात आलं तेव्हा ब्लेड थोडं थांबलं.
हनुवटीशी आलो की ते आपणहून मान वर करतात.
याला बोलणं धरायचं का,
डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

रात्रीच्या गोळ्या तीन.
एक, म्हणत मी पुढे करायचो,
आणि ओठ घट्ट.
रागावलो. हात जोडले. वरणात कुटून घातल्या,
वरण तसंच ताटात.
एकदा तर मी ओरडलोच,
आणि माझा आवाज भिंतीवरून परत आला तो
हुबेहूब काट्यावरचा.

त्या रात्री लाइट गेली.
कूलरची पाती आपल्याच वेगानं फिरून थांबली.
अंधारात गोळ्यांची पट्टी चाचपताना
कुठून आलं कोण जाणे, तोंडातून निघालं :
लाभ.
बाजारात एक म्हणत नाहीत.
पहिलं माप लाभाचं,
'एक' म्हणणाऱ्या पोऱ्याला ते काट्यावरून उठवायचे.

ओठ उघडले.
दोन.
तीन.
पाणी प्याले. मिशी पुसली.
आणि मग खाटेच्या अंगानं,
बारदानाच्या तळातून धूळ निघावी तसं,
'चार.'

चौथी गोळी नव्हती.
तरी मी मोबाइलच्या उजेडात
खाटेखाली शोधून आलो.

दुसऱ्या दिवशी लाभ म्हणालो, ओठ उघडले.
दोन, तीन. मी थांबलो.
बराच वेळ थांबलो.
पाच काही आला नाही. चारही नाही.
गोळ्या मात्र जातात आता.

रविवारी पमी म्हणाली, बोलले का?
बोलले.
काय?
चार.
कशाचे चार?
मग तीच म्हणाली, आई होती तेव्हा आपण चौघं होतो रे.
आणि नाक ओढल्याचा आवाज.
मला नाही तसं वाटत.
मला वाटतं, पुढची गोणी आली होती.
पण बोललो नाही तिला.

फोन आप्पांच्या कानाला लावून
पाणी तापवायला गेलो.
तिच्या मागे लूमची खटखट, सारख्या मापाची,
इकडून कूलर.
परत आलो तर फोन त्यांनी स्वतः धरलेला,
उलटा, पण धरलेला.
सहा मिनिटं झाली होती.
कुणीच कापला नव्हता.