नीळ्ळु

महिन्यातून एकदा, मंगळवारी, यल्लप्पा मला होडीतून बेटावर नेतो.
बेट म्हणजे काय, तर तळं भरताना राहून गेलेली टेकडी,
चार बाभळी, पंपहाऊसची एक भिंत
आणि चित्रबलाकांची घरटी. मागल्या साली एकतीस होती.
आज एकोणीस.
फॉर्मात पक्ष्यांना रकाना नाही,
मी हातावर लिहून ठेवते, घरी जाईपर्यंत घामाने पुसतं.

बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची, तीनदा.
मग बुडवायची. आत बुडबुडा राहू द्यायचा नाही.
बर्फाचा डबा, लेबल, वेळ अकरा दहा.
वास: नाही.
रंग:
इथे माझं पेन दर वेळी अडतं.

आमच्या घरात पाण्याला नीळ्ळु म्हणतात.
मराठी शाळेत, दुसरीत, बाईंनी विचारलं पाणी कसं असतं,
मी नीळ्ळु म्हणाले, त्यांनी निळं ऐकलं.
चूक. पाण्याला रंग नसतो.
वर्ग हसला.
मी घरी येऊन नान्नाचे हात बघितले.

नान्ना डाय हाऊसला होता.
टॉवेलची कुठली ऑर्डर चालू आहे
ते आम्हाला त्याच्या नखांवरून कळायचं.
भात कालवला की कडेचे दाणे गुलाबी व्हायचे,
अम्मा तेवढे उचलून ताटाबाहेर ठेवायची,
बोलायची काही नाही.
त्याच पगारावर मी बी.एस्सी. केलं, केमिस्ट्री.

"रातच्याला सोडत्यात," यल्लप्पा म्हणतो, "दोनच्या पुढं.
तुमी येताव अकराला."
वल्हं मारताना तो माझ्याकडे बघत नाही.
सातही बाटल्या उन्हात धरल्या. काचेसारख्या.
मर्यादेत, असंच येईल अहवालात.

मग होडीचा दोर दिसला.
खुंट्याजवळ सुतळीचाच मळका रंग,
आणि जिथून तो पाण्यात असतो रात्रभर
तिथून खाली
निळा.
पिळला तरी निळा.

यल्लप्पाचा विळा मागून घेतला.
बोटभर दोर कापला, आठव्या बाटलीत टाकला,
जिची कुठे नोंद नाही,
आणि रंगापुढे लिहिलं: नीळ्ळु.

उद्या लॅबमधून घोडक्यांचा फोन येईल,
मॅडम, अक्षर चुकलंय तुमचं.