रकाना सात

कुंडईच्या कारखान्यात अकरा वर्षं
मी हवा बाहेर ठेवायची नोकरी केली.
पांढरा कोट, निळी टोपी, दोन दारं,
एक बंद झाल्याशिवाय दुसरं न उघडणारी.
यीस्ट यायचं विमानानं, चंदेरी पाकिटात,
पाकिटावर त्याचं नाव, नंबर, मरायची तारीख.

आता केरीला, पुरसोच्या विझलेल्या भट्टीच्या माळ्यावर
डिसेंबरच्या रात्री मी खिडक्या काढून ठेवते.
उघडत नाही. बिजागऱ्यांतून काढूनच ठेवते.

कढई डिचोलीच्या कुष्टानं जोडून दिली.
खाणी चालू होत्या तेव्हा तो बार्जी जोडायचा.
दोन वाव लांब, जेमतेम वीतभर खोल.
'डुकरांक?' त्यानं विचारलं.
'हवेक,' म्हटलं.
पैसे मोजून घेतले, हसला नाही.

जवा-गव्हाचा काढा संध्याकाळी उकळता,
रात्री दोनला कोमट.
वाफ कौलांना लागते, ठिबकून परत कढईत पडते;
चाळीस उन्हाळ्यांचा काजू त्या कौलांत मुरलेला.
दिवा लावत नाही. दिव्याला किडे येतात
आणि मला त्यांच्याहून बारीक पाहुणे हवेत.
चोर्ल्यावरून वारा उतरतो,
वाटेत कुणाकुणाला अंगावर घेऊन,
फणसाची साल, केळफुलाचा चीक, म्हशीची पाठ.
दिसत काहीच नाही.
मी जागी असते. राखण म्हणून नव्हे,
करण्यासारखं काही नसतं म्हणून,
आणि ते मला अजून जमत नाही.

पहिल्या वर्षी पिंपातून कुजक्या कोबीचा वास.
रताळ्यांच्या आळ्यात ओतलं.
दुसऱ्या वर्षी तार धरली, पाकासारखी, लाळेसारखी.
जुन्या साहेबांना फोन केला.
'आजार आहे. फेकून दे.'
पुरसो म्हणाला, 'दुयेंस म्हणल्यार मरण न्हय. राव.'

त्यानं जन्मात यीस्ट हा शब्द वापरला नव्हता.
बोंडू तुडवायचे, रस मडक्यात भरायचा,
तिसऱ्या दिवशी मडक्याला कान लावायचा.
त्यात घालतं कोण?
'कोणूच ना. ताका स्वताक कळटा.'
उजवा हात गेला तेव्हापासून भट्टी बंद,
कान शाबूत.

मग पावसाळ्यात कधीतरी
पिंपात पांढरं, सुरकुतलेलं कातडं धरलं.
हात लावू नये, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं.
हवेतून आले
आणि हवेलाच दार लावून बसले.
अकरा वर्षांत माझ्याच्यानं
इतकं घट्ट झाकण झालं नव्हतं.

अबकारीचे सिक्वेरा बूट काढून माळ्यावर आले.
अर्ज मांडीवर. रकाना सात:
यीस्टचं नाव व पुरवठादार.
'कोण पुरवतं?'
मी खिडकीकडे बघितलं. खिडकी नव्हती तिथे,
चौकट होती, चौकटीत पोफळ.
त्यांनी पेन बराच वेळ हवेत धरलं.
मग लिहिलं, लागू नाही.

चौदाव्या महिन्यात खुंटी काढली.
चिंच नव्हे, भिरंडही नव्हे;
सुरेनं फुगलेल्या सान्नांच्या टोपाची वाफ,
खाली ओल्या दाव्याचा वास,
आणि दातांच्या मुळाशी काहीतरी लख्ख.
पुरसोनं डाव्या हातानं पेला धरला.
'आंबट आसा.'
मी वाट पाहिली.
'पूण फट उलयना.'
खोटं बोलत नाही. एवढंच, आणि पेला परत पुढे.

यंदा थंडी रेंगाळली आहे.
कढई भिंतीला उपडी टेकवलेली,
तिच्याआड पालीनं बिऱ्हाड केलंय.
रोज तिन्हीसांजेला पुरसो अंगणात येतो,
गालाला पाणी लावून घाटाकडे धरतो,
'आज न्हय,' म्हणतो.

जव पोत्यात आहे.
मी चूल पेटवत नाही.