दोन बोटं

सोहारला, अबाया शिवणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर
डॉक्टर लीना कुरियन खुर्ची ओढून बसतात,
समोर नाही, जराशा बाजूला,
आणि दोन बोटं धरतात माझ्या डोळ्यांपुढे.
"मान नको. नुसते डोळे."

हसूच आलं मला.
अकरा वर्षं मी दुसरं केलं काय?
बंदरावर, क्रेनच्या काचेच्या खोपटात, बावीस मीटर वर माझे डोळे
आणि खाली याकूब परकारचा हात.
तर्जनी आभाळाकडे फिरली, की उचल.
तळवा जमिनीकडे, की सावकाश सोड.
मूठ, की थांब. असशील तिथे, श्वाससुद्धा.
खेडचा माणूस. तोंडाने बडबड्या, हाताने मितभाषी.

मग तो मंगळवार.
मूठ वर गेली आणि वरच राहिली
चौदा महिने.
आरशात मूठ. चहाच्या वाफेत मूठ.
कॅम्पात वरच्या बंकवर कुणी आळस दिला तरी मी थांबायचो,
घास तोंडाशी.
घरी फोनवर सांगायचो, झोप होत नाही, एसीचा आवाज.
बायको म्हणायची, मग एसी बदलून मागा.

"किती त्रास, शून्य ते दहा?"
दहा.
"चित्राबरोबर कोणतं वाक्य येतं?"
मला उशिरा दिसलं.
"शरीरात कुठे?"
उजव्या पंजात. लिव्हर असतो तिथे.
"ठीक. चला बोटांबरोबर."

पडदा, कॅलेंडर.
पडदा, कॅलेंडर.
खाली शिलाई मशीन चालतं, अडतं, चालतं.
"काय आलं?"
मूठ.
"राहा तिच्याबरोबर." पुन्हा.
ऊन.
पुन्हा.
डिझेलचा वास.
पुन्हा.
त्याच मुठीत दुपारी खुबूसचा तुकडा होता,
डाळीत बुडवताना तो मेव्हण्याबद्दल काहीतरी बोलला
आणि मला ठसका लागेस्तोवर हसू आलं होतं.
हे कुठे गेलं होतं इतके दिवस?
पुन्हा.

आणि मूठ हलली.
अडलेलं चित्र एक घर पुढे सरकलं:
माझा पंजा लिव्हर ओढतोय, वेळेवर,
भार थांबलाय, जरासा डुलतोय, थांबलाय,
आणि मग वरचा तारेचा पट्टा, एकेक तार करून,
जो त्याला खालून दिसला नाही
आणि मला वरून.
हात बोलला होता.
डोळ्यांनी ऐकलं होतं.

रडलो म्हणावं तर तसंही नाही.
डोळे आपलं काम करत होते, पाणी आपलं.
कुरियन बाईंनी मनगट चोळलं, दुखलं असणार,
टिश्यूचा खोका पुढे सरकवला
आणि त्यांच्या मल्याळी वळणाच्या हिंदीत विचारलं,
"अभी कितना?"

असे नऊ मंगळवार. वार मीच मागून घेतला.
सातवर आलो, पाचवर, मग परत आठवर;
त्या आठवड्यात बाजारात कुणाच्या हातून रंगाचा डबा पडला होता.
काल दोन.
"शून्यापर्यंत जाऊ शकतो," त्या म्हणाल्या.
म्हटलं, राहू देत बाई.
एवढे तरी त्याच्या नावावर असावेत.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं नाही.

खाली उतरून करक चहा घेतला.
सुटे नव्हते. टपरीवरच्या पोराने लांबूनच हात वर केला, मूठ करून:
उद्या द्या, असं काहीतरी.
मी थांबलो.
मग निघालो.