पोकळ जागा

पिट्सबर्गला पूल फार.
त्यातल्या एकाखाली, जूनभर,
मी हातोडी घेऊन उभी.

ड्वेन कोवाल्चिक म्हणाला, ठोक.
ठोकलं.
काय ऐकू आलं?
काँक्रीट, मी म्हटलं.
तो हसला नाही. म्हणाला, पुन्हा ठोक.

कॉलेजात या विषयात मला ब्याण्णव होते.
ब्याण्णवांतला एकही मार्क
त्या खांबापाशी तोंड उघडेना.

तिसऱ्या आठवड्यात कधीतरी
आईचं माठ घेणं आठवलं:
कुंभाराशी घासाघीस चालू असतानाच
बोटाचं पेर मडक्यावर,
आणि, हा नको, चीर गेलीय,
न बघताच.

त्याच दुपारी, सातव्या खांबावर,
ठण्, ठण्, ठण्,
मग ढब.
मी पिवळ्या खडूने कडा आखली.
ड्वेनने नुसतं पाहिलं, स्वतः ठोकलं नाही.
वहीत लिही, म्हणाला, तुझ्या नावाने.

तासाला सतरा डॉलर, बसचा पास वेगळा,
डब्यात गार पोळी-भाजी, नाकात गंज.
फोनवर काका विचारतात,
पुढे नोकरी देणार का ही माणसं?
माहीत नाही, काका.

रात्रभर डोळा लागला नाही.
वरून तेव्हा ट्रक तर नव्हता ना गेला?
ढब त्याचाच असला तर?

सकाळी पाहिलं,
खडूवरून लाल रंग फिरलेला.
माझा हात जिथे थरथरला होता
तिथली वाकडी रेघसुद्धा
ड्वेनने
तशीच गिरवलेली.