शेरा

सहा महिने झाले की जायचं असतं.
यादी, टॅब, पाण्याची बाटली, गळ्यात ओळखपत्र.
एसटीचा वाहक विचारतो, "बँकेच्या वसुलीला काय?"
नाही, मोजायला.
"काय मोजायला?"
ते मलाही एका वाक्यात सांगता येत नाही.

प्रश्न चौदा: सध्या रोजगार आहे का? होय. नाही.
शिरोलीच्या फाउंड्रीबाहेर, पाळी सुटता सुटता,
बिरदेव हजारे म्हणतो, "हाय बी आन् न्हाई बी.
कंत्राटदार बदलला की पंधरा दिवस घरात,
मग पुन्हा त्याच मशीनवर, नवा पास."
मी विचारते, आज काय लिहू?
तो दंडावरची काळी वाळू झटकतो.
"आज हाय."
आज होय.

प्रश्न एकोणीस: उत्पन्नात झालेली वाढ.
आफरीन मुल्लाणी शिवणाचा कोर्स करून
गांधीनगरच्या दुकानात ब्लाउजांना अस्तर लावते.
सहा हजार. त्यातले अडीच वडापला जातात,
कारण एसटीनं उशीर होतो,
आणि उशीर झाला की अर्धा दिवस कापतात.
टॅब अडीचचं विचारत नाही.
शेवटी तिनंच मला विचारलं,
"मॅडम, तुमचंबी कंत्राटीच का?"
अकरा महिन्यांचं, मी म्हणाले.
मग आम्ही दोघी बराच वेळ हसलो,
एकोणीस आणि वीसच्या मध्ये कुठंतरी.

आणि हुपरीत, ज्याला आम्ही काहीच दिलं नव्हतं त्याचं घर.
यादीत नावापुढं नुसतं 'तु'. तुलना गट.
चिठ्ठ्या काढल्या तेव्हा सन्मती मगदूमची निघाली नव्हती,
म्हणून त्याच्याकडं जायचं,
आमच्याशिवाय तो कसा आहे ते बघायला.

त्यानं खुर्ची पुसली. आईनं चहा टाकला, गुळाचा.
"पुढल्या बॅचला लागंल का ह्याचा नंबर?"
मला शिकवलेलं वाक्य मी म्हटलं,
ज्यात होही नसतं आणि नाहीही.
"अगं आये, मी काय फुकाट बसलोय?"
खालच्या खोलीत, चुलत्याच्या टपल्या खात,
तो चांदीची कडी कडीला जोडायला शिकलाय.
नऊ हजार. वर दुपारचं जेवण.

मी आकडा भरला.
आमच्या मुलांची सरासरी आठ हजार दोनशे.
टॅबनं निमूट घेतलं.
"म्हंजे," तो म्हणाला, "मी जेवढा बरा, तेवढं तुमचं वंगाळ?"
मी पर्समध्ये पेन शोधायला लागले. पेनचं काही काम नव्हतं.
"मग कमी लिवा की. मला काय फरक पडतोय."
असं करता येत नाही, मी म्हणाले,
आणि दिवसभरात ठामपणे बोललेलं तेवढंच.

निघताना चुलता खोली झाडत होता.
कुंचा हळू, कोपऱ्यांतून, उंबऱ्याच्या फटीतून,
पायपुसण्याखालचंसुद्धा सगळं एका डब्यात.
ही धूळ टाकत नाहीत, विकतात.
घेणारा येतो, जाळतो, गाळतो,
आणि वर्षाकाठी तीतनं चांदी निघते.
"किती निघते?" मी सवयीनं विचारलं.
"निघती," म्हातारा म्हणाला. "झाडणाऱ्यावर हाय."

परतीला खिडकीशी बसून
फॉर्मच्या तळाचा रकाना उघडला: शेरा.
ऑफिसात सांगतात, रिकामा सोडला तरी चालतो,
तो कुणी उघडत नाही.
वाळू लिहिली, खोडली. गूळ लिहिला, खोडला.
वंगाळ हा शब्द टॅबला माहीत नव्हता,
त्यानं त्याखाली लाल रेघ ओढली.
पन्नासच अक्षरं बसतात.
उचगावजवळ रेंज आली आणि होतं तसं गेलं:
तुलना गट. रोज कामाला आहे. आई पुढल्या बॅचची वाट पाह