प्रतिकूल बदल

मी मोजायला गेलो तेव्हा
ती पुढच्या अंगणातलं काँक्रीट धूत होती.
फूल नाही, माती नाही,
नुसतं हिरवं रंगवलेलं काँक्रीट,
आणि त्यावरून पाणी सावकाश गटाराकडे निघालेलं,
घाई नसलेल्या माणसासारखं.

"नगरपालिकेचा ना?" ग्राझिया बुट्टिजिएज म्हणाली,
"पाय पूस."

फिट्झरॉय. कोपऱ्यापासून तिसरं घर. रुंदी चौदा फूट.
भिंत शेजाऱ्याशी सामाईक, इतकी की
पलीकडे चमचा पडला तर इकडे कळतं.
व्हरांड्याला बिडाची जाळी, तिच्यात ओतलेली नेच्याची पानं,
एक तुटकं.
मी लिहिलं: १८८८, अंदाजे.
मागच्या गल्लीतला काळा दगड अजून मध्याकडे उतरता,
आणि कुंपणात गुडघ्याएवढं दार, विटांनी बुजवलेलं:
मैल्याची पाटी रात्री ज्यातून ओढून नेत, ते.
"हे मात्र दुर्मिळ आहे हं," मी म्हणालो.
जेवायला बोलावलेल्या पाहुण्याने ताट सोडून
मोरीचं कौतुक करावं,
तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

फॉर्मला रकाने असतात.
घराआधीची जमीन: माहिती उपलब्ध नाही.
(उपलब्ध आहे. वुरुंजेरी लोक इथेच आहेत,
ट्रामने वीस मिनिटांवर.
रकाना कधी विचारायला गेला नाही.)
पहिला मालक: एक आयरिश खोगीरवाला.
मग भाडेकरू, भाडेकरू, भाडेकरू.
लिनोलियमखाली वर्तमानपत्र,
वर्तमानपत्राखाली आणखी एक लिनोलियम,
आणि माजघराच्या चौकटीत कुणा पोराने खिळ्याने कोरलेलं नाव,
शेवटचं अक्षर अर्धंच. हाक आली असावी.

मग खिडकी.
दर्शनी, रुंद, अ‍ॅल्युमिनियमची, सरकती. १९६४.
सल्वूने बसवली. टायरच्या कारखान्यात
अकरा महिने जादा पाळ्या करून.
"आधीची लाकडाची होती ना,
तिच्यातून असा वारा यायचा
की पाळण्यातलं पांघरूण हलायचं.
त्या हिवाळ्यात आमचं पहिलं..."
ती थांबली.
"कॉफी घेशील?"

आमच्या पुस्तकात या खिडकीला शब्द आहे:
प्रतिकूल बदल.
मी तो लिहिला. त्याचाच मला पगार मिळतो.

सुनावणीला बिल्डरच्या वकिलाने नऊ मजले आणले होते,
काचेचे, गच्चीवर झाडं लावलेले.
रांगेतली बाकी घरं आधीच त्याच्या खिशात.
मी बिडाचं पान मांडलं, बुजवलेलं दार मांडलं,
घसा बसेपर्यंत बोललो.
घर वाचलं.
शिफारस क्रमांक चार: पुढे दुरुस्ती निघाल्यास
दर्शनी खिडकी मूळ स्वरूपात, लाकडी.
विटांवरचा निळा रंग सौम्य रसायनाने काढावा.
काँक्रीट, तेही.

पत्र घेऊन मीच गेलो.
तिने चष्मा शोधल्यासारखं केलं,
मग म्हणाली, तूच वाच.
चौथ्यावर माझी जीभ अडखळली.
"म्हणजे घर राहणार."
"हो."
"आणि खिडकी जाणार."
"सक्ती नाही. कधीतरी. पुढे."
तिने काचेवरून हात फिरवला, तापलेलं कपाळ बघतात तसा.
"वारा येईल मग परत," एवढंच म्हणाली,
आणि माझ्या कपात न विचारता साखर घातली.

त्या रात्री मी फाइल पुन्हा उघडली.
सामाजिक महत्त्व: या रकान्यात
मी एक रेघ ओढून ठेवली होती.
ती खोडून लिहिलं: खिडकी, १९६४.
तिसऱ्या दिवशी साहेबांकडून परत आली,
समासात लाल शाईत एकच शब्द: आधार?

बुधवारी टेप घेऊन गेलो.
सहा फूट दोन इंच बाय चार.
खाचेत मेण आहे, दर नाताळच्या उरलेल्या मेणबत्त्यांचं,
ती स्वतः लावते, स्टुलावर चढून, या वयात.
एका बोटाने सरकते.
मी सरकवून पाहिली.
बंद केली तेव्हा
बाहेरच्या ट्रामचा आवाज तिथेच थांबला.