रिव्हर्स

आरमोरीच्या नाक्यावर, खताच्या दुकानाला लागून
शालिक दोनाडकरांची मोटार ट्रेनिंग स्कूल.
गाडी एकच. डावं दार दोरीनं बांधलेलं.
माझ्या पायाशी तीन पॅडल, त्यांच्या पायाशी दोन.

"शिनेमात होते जी हे,"
खतवाल्या मुनघाटेनं मला सांगितलं,
जसं सांगावं, यांना शुगर आहे.

होतेच. 'उलटा टेम्पो'.
वरात निघते अन् गेअर अडकतो रिव्हर्सात,
तशीच उलटी जाते नागपूरपर्यंत,
बँडवाला टपावर, नवरदेवाचं तोंड घराकडे,
मुलीचा बाप मात्र हार घेऊन दुसऱ्याच बाजूला उभा.
अकरा आठवडे चालला.
पोस्टरवर यांचा चेहरा म्हशीएवढा.

"अन् खरं सांगू का वो नर्सबाई?
मले तवा गाडीच येत नव्हती.
मागून ट्रॅक्टर ओढे, दोर दिसे नाही.
मी फकत ष्टेरिंग फिरवो अन् घाबरो.
घाबरणं तेवढं खरं होतं."

पुढं दोन चित्रपट. एकात पोलीस, एकात देव.
दोन्ही सरळ रस्त्यानं गेले,
त्यामुळं कोणी बघायला आलं नाही.
फोन कधी थांबले ते त्यांना आठवत नाही,
रोवण्याचे दिवस होते म्हणे, हात चिखलात.

चाळिशीत क्लच शिकले,
त्याच ट्रॅक्टरवाल्या बुधाजीकडून.
त्यानं फी घेतली नाही,
महिनाभर हसून घेतलं.

माझ्या मांडीवर लसीचा डबा नाही
अशी आठवड्यातून दोनच सकाळी असते.
बाकीचे रिव्हर्स शेवटी शिकवतात,
हे पहिल्याच दिवशी.
"पुढं तं कोणीबी जाते. मान वळव. आरशावर जाऊ नोको."

काल वडशाचं फाटक लागलं.
शेजारच्या ऑटोतून एक पोरगं ओरडलं,
"आई, हे पाय, ते!"
सरांनी केस नीट केले, हनुवटी थोडी उजवीकडे,
पोस्टरवर होती तशी.
"ज्यायनं तुले गाडी शिकवली!"

मालगाडी लांबच लांब. डबे मोजून संपेनात.
सर समोर बघत होते,
हनुवटी तिथंच ठेवून.
मग फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवू लागले,
मी गडबडीत गेअर टाकला
आणि आम्ही सगळ्यांसमोर
मागं गेलो.

इतकं हसताना मी त्यांना
पहिल्यांदाच पाहिलं.
ब्रेकवर पाय ठेवायचं विसरले.